अंगी न लागणारं अन्न

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय निंदित माणसांचा आहे. फार उंच, फार बुटका, अंगभर केसाळ, मुळीच केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार रोड, असे हे आठ जण. पहिल्या सहांची चरक झटक्यात बोळवण करतो आणि लठ्ठापाशी मुक्काम ठोकतो. लठ्ठाच्या कोठ्यात अग्नी फार पेटलेला असतो, खाल्लेलं लगेच जिरतं आणि तो पुन्हा ताटावर येऊन बसतो, असं त्याचं निदान. त्यावरचा तोडगा मात्र आपल्या सगळ्या समजुतींच्या उलटा आहे. लठ्ठाला हलकं खाऊ घालू नका, जड खाऊ घाला. फक्त ते जड अन्न अंगी लागणारं नसावं.

सकाळी ओट्स भाजून खाणाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. पोट भरलेलं राहतं, दुपारपर्यंत भूक लागत नाही, वजन वाढत नाही. ओट्स, दूध, अंडं, केळं किंवा सफरचंद एका पसरट भांड्यात कालवून ओव्हनमध्ये भाजायचं आणि वड्या पाडून आठवडाभर पुरवायचं, अशी ही न्याहारी आता पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांत रुळली आहे. तिचं सूत्र चरकाचं आहे, एवढ्यावर मी थांबलो असतो. पण त्या सूत्राखाली धान्यांची यादी आहे, आणि तिच्यात एक नाव असं आहे की ज्याने मला या न्याहारीच्या अमेरिकी माहेराऐवजी मराठवाड्यातल्या सिरसाळ्याकडे वळवलं.

यादीत राळा आहे, सावा आहे, कोद्रू आहे, मूग, हुलगे आणि तूर आहे. जव आहे, त्याचा हलका भाऊ यवक आहे. आणि जवाला अगदी खेटून उभा आहे जूर्णाह्व. टीकाकार आणि निघंटुकार त्याचा अर्थ लावतात ज्वारी.

सिरसाळा हे परळी तालुक्यातलं, परळीहून बीडकडे जाताना लागणारं मोठं बाजारगाव. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. खरिपाची ज्वारी सोयाबीनने जवळजवळ हुसकावून लावली. रब्बीची टिकून आहे, तीही निम्मी कडब्यासाठी. या पट्ट्यातल्या जुन्या माणसांची न्याहारी म्हणजे शिळी भाकरी, नाहीतर कण्या. ज्वारी जात्यावर भरडायची, पीठ चाळून काढायचं आणि वर राहिलेला जाडसर भरडा शिजवून ताकासंगं खायचा. कण्या हे गरिबीचं अन्न. विदुराच्या घरी कृष्णाने कण्या खाल्ल्या ही गोष्ट मराठी कीर्तनात इतकी मुरली, ती त्यामुळेच. श्रीमंताघरच्या पक्वान्नासमोर ठेवायला याहून दरिद्री पदार्थ कीर्तनकाराला सापडला नसता.

म्हणजे चरकाने लठ्ठांसाठी सांगितलेलं धान्य सिरसाळ्यात रोड माणसं खात होती. ही विसंगती वाटते, पण तिथेच या न्याहारीचं कुळ आहे.

आधी नावाचा तंटा मिटवू, कारण जूर्णाह्व म्हणजे ज्वारी हे सगळ्यांना मान्य नाही. आक्षेप साधा आहे. ज्वारी आफ्रिकेची. सुदानच्या पूर्वेकडे बुताना भागात मातीच्या भांड्यांवर उमटलेले तिच्या भुसाचे ठसे पाच हजार वर्षांहून जुने आहेत, आणि लागवडीच्या ज्वारीची ती जगातली सर्वांत जुनी खूण मानतात. भारतात ती केव्हा आली यावर पुरावनस्पतिशास्त्राचे अभ्यासक अजून भांडतात, जुन्या उत्खननांतले काही दाणे ज्वारीचे नव्हतेच असंही म्हणतात. पण भांडण आहे ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाबद्दल. चरकाची संहिता इसवी सनाच्या आगेमागे आकाराला आली. तोवर ज्वारी इथे नीट स्थिरावली होती. तेव्हा हा आक्षेप मी बाजूला ठेवतो.

दुसरा तंटा अधिक रंगतदार आहे. राल्फ टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश ज्वारीला ‘यवाकार’ या शब्दाशी जोडतो, म्हणजे जवासारखी दिसणारी. जोंधळ्याचं मूळही संस्कृतवादी ‘यवनाल’ या शब्दात शोधतात, त्यातही जव आहेच. समोरच्या बाजूला द्रविडवादी उभे आहेत. कन्नडमध्ये जोळ, तेलुगूत जोन्न, तमिळमध्ये चोळम. हे शब्द एकमेकांचे सख्खे आहेत, आणि त्यांना संस्कृत यवाची गरज पडत नाही. मग जोंधळा तेलंगणातून वर आला की गंगेकडून खाली?

माझं मत असं. नाव दक्षिणेकडून आलं, आणि संस्कृतने त्याला जवाचं बाशिंग बांधलं. असं का केलं असावं, याचं उत्तर घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात सापडतं. डेक्कन कॉलेजने १९६८पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे वसलेल्या त्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक निघालं जव. पाण्याचा पाट काढून ते जव पिकवत. आज ज्याला आपण ज्वारीचा मुलूख म्हणतो तो एके काळी जवाचा मुलूख होता. हवा कोरडी होत गेली, पाटाचं पाणी सरलं, आणि कमी पाण्यावर येणारी ज्वारी जवाच्या जागी बसली. नव्या धान्याला जुन्या धान्याच्या नावाने हाक मारणं हे शेतकऱ्याने कायम केलं आहे. चरकाच्या यादीत जवाच्या पाठोपाठ जूर्णाह्व येतो, तो मला या जागाबदलाचाच साक्षीदार वाटतो.

यावर कुणी म्हणेल, अहो, ती यादी श्लोकात आहे, शब्दांचा क्रम छंदाच्या सोयीने लागतो, त्यातून इतिहास कसला काढता? बरोबर आहे. एकट्या क्रमावर मी घर बांधलं असतं तर ते कोसळलं असतं. पण क्रम, नाव आणि इनामगावचं शेत, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

आता ओटची पाळी. ओट हा तर जवाचा याहून जवळचा नातलग. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्हने मांडलं की ओट मुळात गहू-जवाच्या शेतातलं तण होतं. शेती थंड, ओल्या उत्तरेकडे सरकली तशी मूळ पिकं मागे पडली आणि तणच पीक झालं. हिंदीत ओटला जई म्हणतात, ती उघडच जौची धाकटी बहीण. म्हणजे ओट आणि ज्वारी दोघंही जवाच्या जागेवर बसले, एक उत्तरेच्या गारठ्यात आणि दुसरी दख्खनच्या कोरड्यात. चरकाने लठ्ठांना जव दिला होता. युरोपने जवाच्या तणाला तिथे बसवलं, आपल्याकडे जवाच्या नावाची ज्वारी होतीच.

ओटची पुढची वाटचाल सर्वांना ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशात ओटची व्याख्या करताना इंग्लंडच्या घोड्यांना आणि स्कॉटलंडच्या माणसांना एकाच पंगतीला बसवलं. अमेरिकेत फर्डिनंड शूमाखर या जर्मन गिरणीवाल्याने माणसांना ओट खायला शिकवलं. १८७७ मध्ये क्वेकर या ओट्सच्या छापाची मुद्रा नोंदवली गेली. वाफवलेले दाणे रुळाखाली पोह्यासारखे चपटे करण्याची रीत आली, आणि तासाभराचं शिजवणं काही मिनिटांवर आलं.

भाजलेल्या ओट्सचा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या आमिश शेतकऱ्यांच्या घरचा सांगतात. तिथल्या जुन्या पद्धतीत लोणी किंवा तेल, अंडी, दूध आणि ब्राउन शुगर सढळ हाताने पडते. पहाटे गोठ्यात राबणाऱ्या माणसाला ताकद देण्यासाठी हा पदार्थ होता. वजन उतरवण्याचा आव त्याने पुढे आणला, साखर गेली आणि केळं आलं तेव्हा.

भाजण्याबाबत आपल्याकडेही नेमकं हेच आहे. मराठवाड्याला भट्टी नवी नाही. गोवऱ्यांच्या आरात जाड रोडगा पुरून भाजण्याची रीत इतकी जुनी आहे की सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडग्याचाच नवस बोलते. चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा आजही असतो. त्याच सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्याला अंगारकर्कटी म्हटलं आहे, आणि तिचा पहिला गुण दिला आहे बृंहणी, म्हणजे अंग भरवणारी. आमिश बाईने आणि भावमिश्राने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, पण दोघांना एकच गोष्ट कळली होती. कारण सोपं आहे. शिजवलेल्या कण्यांत धान्याच्या कितीतरी पट पाणी असतं. भाजताना पाणी उडतं आणि घास आकसतो. तेवढ्याच आकाराच्या घासात मग दाणा जास्त, वर तूप-गूळ जास्त. धान्य लठ्ठाचं, पण भट्टी पैलवानाची. भाजलेल्या ओट्सने वजन का उतरत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी या वाक्यापाशी थांबावं.

आता सूत्राची परीक्षा. जड असून अंगी न लागणं, हे खरंच घडतं का? ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात तो चिकट होतो, जठर सावकाश रिकामं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये त्याबद्दल दावा करायला परवानगी दिली, पण तो दावा हृदयरोगाचा आणि दिवसाला तीन ग्रॅम तंतूचा आहे. वजनाचा मुळीच नाही. पाकिटावरच्या हृदयाच्या चित्राला लोकांनी परस्पर कंबरेचं चित्र समजून घेतलं.

ज्वारीत बीटा-ग्लुकन फार थोडं. या मुद्द्यावर ओटवाले जिंकतात, आणि ते मान्य करायला हवं. पण ज्वारीकडे दुसरं हत्यार आहे. तिच्यातलं काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजवलं की आपसात घट्ट गुंततं आणि पचनरसांना दाद देत नाही, त्याच्या जाळ्यात अडकलेलं पिष्टही हळू सुटतं. कुपोषित मुलांच्या दृष्टीने हा ज्वारीचा मोठा दोष. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी मालीतल्या लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्वारी-बाजरीचे तिथले पारंपरिक घट्ट पदार्थ भात, बटाटा आणि पास्त्यापेक्षा खूप जास्त वेळ जठरात राहिले. गुरु म्हणजे जड आणि अतर्पण म्हणजे अंगी न लागणारं, हे चरकाचे दोन शब्द काफिरिनला इतके चपखल बसतात की हे प्रथिन पाहूनच त्याने ते निवडले असावेत असं वाटतं. अर्थात त्याने पाहिलं असणार ते माणसांना, ताटावरून लवकर उठणाऱ्या आणि तरी न फुगणाऱ्या.

उष्मांकांचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीला ३३४ किलोकॅलरी आणि दहा ग्रॅम तंतू आहेत. ओट उष्मांकांत जरा वर, तंतूंत जवळपास बरोबरीला. तेव्हा ज्याला भाजूनच खायचं आहे त्याने एक वाटी ज्वारीच्या कण्या रात्रभर ताकात भिजवाव्यात, सकाळी दुधीचा कीस, भिजवलेली मूगडाळ, आलं-मिरची घालावं आणि जाड बुडाच्या तव्यात झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी मंद आचेवर भाजावं. गूळ-काजूच्या फंदात पडू नये. मूग चरकाच्याच यादीतला आहे.

गंमत अशी की मराठी शेतकऱ्याला ओट परका नाही. तो लसूणघास आणि मक्याच्या ओळीतला रब्बीचा हिरवा चारा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ हा वाण काढला तो गाई-म्हशींसाठी. जॉन्सनच्या कोशातली पंगत इथे पुन्हा बसली आहे. शेतात ओट गाईला आणि ज्वारी माणसाला, शहरात ओट माणसाला आणि ज्वारी पाखरांना.

राहिला तो प्रश्न, हे धान्य लठ्ठांचं असेल तर सिरसाळ्यात ते खाणारे कुणी लठ्ठ का नव्हते. चरकाचा तोडगा अन्नापाशी संपत नाही. लठ्ठपणा टाकायचा असेल त्याने व्यायाम, जागरण आणि चिंता क्रमाक्रमाने वाढवावी, असं तो त्याच अध्यायात सांगतो. कृषिपंपाला वीज रात्री यायची, तेव्हा दारं धरायला उठायचं. दिवसभर खुरपं चालवायचं. आणि पाऊस, भाव, बँक यांची काळजी बारमाही. शहरातल्या माणसाला वैद्याने लिहून द्यावा लागला असता तो सगळा उपचार सिरसाळ्याला फुकट मिळत होता, ज्वारी त्यावर नुसती तोंडी लावायला होती. भाजलेले ओट्स खाऊन गाडीत बसणाऱ्याने यादीतलं एकच औषध घेतलं आहे, आणि तेही सगळ्यांत सोपं.