इटालियन सर्वनामं : 'तू' ओळखीचा, पण ही 'लेई' कोण? मराठी भाषकाला काय सोपं जातं आणि कुठे फसतं?

इटालियन भाषेच्या पहिल्याच धड्यात मराठी माणसाला एक जुना ओळखीचा शब्द भेटतो : 'तू'. उच्चार तोच, अर्थही तोच. हा योगायोग नाही. मराठीतला 'तू' संस्कृतकडून आला, इटालियनमधला लॅटिनकडून आणि या दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. इटालियनमधले 'नोई' (आम्ही) आणि 'वोई' (तुम्ही) हे शब्दसुद्धा संस्कृतातल्या 'नः' आणि 'वः' या रूपांचे दूरचे नातेवाईक आहेत.

सुरुवात अशी गोड होते, पण दोन-तीन महिन्यांत 'लो', 'ला', 'ली', 'ले', 'ल्यी', 'ची', 'ने' अशी एका अक्षराची फौज समोर येते आणि शिकणाऱ्याची गाडी अडते. बहुतेक ॲप्स आणि पुस्तकं इटालियन शिकवतात ती इंग्रजीच्या आधाराने. इंग्रजीत जे नाही, ते तिथे 'अपवाद' म्हणून पाठ करून घेतलं जातं. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच गोष्टी मराठी माणूस रोज बोलतो. काही ठिकाणी मात्र मराठीची सवयच दगा देते. ही ठिकाणं कोणती, ते समजून घेऊ.

(लेखातले इटालियन उच्चार देवनागरीत जवळपास जातील असे दिले आहेत.)

हे शिकणं कोणाला गरजेचं आहे?

इटलीत शिकायला जाणाऱ्यांना इंग्रजी माध्यमातले अभ्यासक्रम मिळतात. पण घरमालक, सरकारी कचेरी, दवाखाना आणि किराणा दुकान इटालियनमध्येच बोलतं. कायद्याचीही अट आहे. दीर्घकालीन निवास परवान्यासाठी साधारणपणे 'ए२' पातळीचं इटालियन यावं लागतं. विवाहाच्या किंवा वास्तव्याच्या आधारावर नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी डिसेंबर २०१८ पासून 'बी१' पातळी बंधनकारक आहे. सिएना आणि पेरुजा इथली परदेशी नागरिकांसाठीची विद्यापीठं 'चिल्स' आणि 'चेली' या परीक्षा घेतात. 'बी१'पर्यंत पोचायचं तर सर्वनामं टाळून चालत नाही.

कर्ता गाळला तरी चालतो का?

चालतो, आणि बहुतेक वेळा गाळलेलाच बरा. इओ (मी), तू, लुई (तो), लेई (ती), नोई (आम्ही), वोई (तुम्ही), लोरो (ते) ही कर्त्याची सर्वनामं. पण क्रियापदाचं रूपच कर्ता सांगतं : पार्लो (मी बोलतो), पार्ली (तू बोलतोस), पार्लियामो (आम्ही बोलतो). 'कुठे चाललास?' या प्रश्नात मराठी माणूस 'तू' घालत नाही, तसंच हे.

सर्वनाम येतं ते जोर द्यायला. कॉफी पिऊन झाल्यावर बिलासाठी हात पुढे करताना इटालियन माणूस म्हणतो, 'पागो इओ'. म्हणजे 'पैसे मी देणार'. इथे 'इओ' क्रियापदानंतर आला, कारण सगळा भर त्याच्यावर आहे. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'इओ'ने करणारा माणूस इटालियन कानाला सारखं 'मी, मी' करणारा वाटतो.

मराठीतला 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक मात्र इटालियनमध्ये नाही. 'नोई' दोन्हींसाठी चालतो. समोरचा माणूस त्यात धरला आहे की नाही, ते संदर्भावरून ओळखायचं.

जुन्या पुस्तकांत 'तो' या अर्थी 'एल्यी' हा शब्द दिसतो. तो आता बोलण्यातून जवळपास गेला आहे. कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी यांनी 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीच्या १८४० च्या सुधारित आवृत्तीत अनेक ठिकाणी 'एल्यी' काढून बोलीतला 'लुई' घातला. तिथून 'लुई'ला लेखनातही मान मिळत गेला.

'मी' म्हणजे मी नव्हे, मग काय?

इटालियन 'मी'चा अर्थ 'मला'. एकदा हे पक्कं झालं की मराठी भाषकाला मोठी सूट मिळते.

'मी पियाचे इल काफ्फे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे वाक्य उलटं वाटतं, कारण इथे कर्ता कॉफी आहे. मराठीत अगदी हेच घडतं. अनेकवचनही तसंच : 'मी पियाच्चोनो इ लीब्री', मला पुस्तकं आवडतात. 'मी सेंब्रा' म्हणजे 'मला वाटतं'. 'मी सेर्वोनो इ दोकुमेंती' म्हणजे 'मला कागदपत्रं लागतात'. इथे मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून बदललं तरी फारसं चुकत नाही.

'त्याला'साठी 'लो' की 'ल्यी'?

हा मराठी भाषकाचा सर्वांत मोठा सापळा. 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी त्याला पैसे दिले' या दोन्ही वाक्यांत मराठी 'त्याला' म्हणते. इटालियनमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत.

* ज्याच्यावर क्रिया थेट घडते ते, म्हणजे प्रत्यक्ष कर्म : लो (पुल्लिंगी एकवचन), ला (स्त्रीलिंगी एकवचन), ली (पुल्लिंगी अनेकवचन), ले (स्त्रीलिंगी अनेकवचन).
* ज्याला काही दिलं, सांगितलं, विचारलं जातं तो, म्हणजे अप्रत्यक्ष कर्म : ल्यी (त्याला), ले (तिला). 'त्यांना'साठीही आज बोलण्यात 'ल्यी'च चालतो.

'मी', 'ती' (तुला), 'ची' (आम्हाला) आणि 'वी' (तुम्हाला) ही रूपं दोन्ही गटांत सारखीच आहेत. त्यामुळे गोंधळ होतो तो फक्त 'तो, ती, ते' यांच्या बाबतीत.

ओळखायचं कसं? मराठीतच एक सोपी चाचणी दडलेली आहे. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू किंवा संस्था ठेवून पाहायची. 'त्याला पाहिलं' हे 'चित्र पाहिलं' असं होतं. 'ला' गळला, म्हणजे प्रत्यक्ष कर्म, म्हणून 'लो'. 'त्याला बोलावलं' हे 'रिक्षा बोलावली' असं होतं. पुन्हा 'ला' गळला, म्हणून 'लो'. पण 'त्याला फोन केला' हे 'ऑफिसला फोन केला' असंच राहतं. 'त्याला विचारलं' हे 'बँकेला विचारलं' असंच राहतं. 'ला' टिकला, म्हणून 'ल्यी'. त्यामुळेच 'लो क्यामो' (मी त्याला बोलावतो), पण 'ल्यी तेलेफोनो' (मी त्याला फोन करतो).

ही चाचणी बहुतेक वेळा कामी येते, सगळीकडे नाही. मराठीत मदत 'संस्थेला' केली जाते, पण इटालियनमध्ये 'आयुतारे' (मदत करणं) हे क्रियापद थेट कर्म घेतं : 'लो आयुतो'. 'रिंग्रात्सियारे' (आभार मानणं) आणि 'आस्कोल्तारे' (ऐकणं) यांचंही तसंच. ही तीन क्रियापदं सुरुवातीलाच पाठ केलेली बरी.

भूतकाळात क्रियापदाचं लिंग का बदलतं?

'पिझ्झा खाल्लास का?' या प्रश्नाला इटालियन उत्तर येतं, 'सी, लो मांजाता'. यातला 'लो' म्हणजे 'ला' (तिला) आणि 'ओ' (सहाय्यक क्रियापद) यांची संधी. 'मांजातो'चं 'मांजाता' झालं, कारण पिझ्झा इटालियनमध्ये स्त्रीलिंगी आहे. खाणारा पुरुष असो की बाई, रूप तेच.

इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम समजायला वेळ लागतो. मराठीत मात्र 'त्याने पोळी खाल्ली', 'तिने आंबा खाल्ला' हे लहान मूलही बोलतं. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, हे मराठी भाषकाला कोणी शिकवावं लागत नाही.

दोन फरक लक्षात ठेवायचे. पहिला, इटालियनमध्ये हा बदल कर्माचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की होतो. 'ओ मांजातो ला पित्सा' असं पूर्ण वाक्य असेल तर रूप बदलत नाही. दुसरा, लिंग इटालियन शब्दाचं पाहायचं. मराठीत पिझ्झा 'तो' आहे, इटलीत 'ती'.

सर्वनाम क्रियापदाच्या आधी की नंतर?

साध्या वाक्यात आधी : 'लो वेदो' (मी त्याला पाहतो). क्रियापद मूळ रूपात असेल किंवा 'तू'ला आज्ञा असेल, तर सर्वनाम मागे चिकटतं : 'वेदेर्लो' (त्याला पाहणं), 'दिम्मी' (मला सांग). 'मी त्याला पाहू शकतो' हे 'लो पोस्सो वेदेरे' आणि 'पोस्सो वेदेर्लो' असं दोन्ही प्रकारे म्हणता येतं.

दोन सर्वनामं एकत्र आली की माणूस आधी, वस्तू नंतर. 'मी'चं 'मे' होतं : 'दाम्मेलो' म्हणजे 'मला ते दे'. 'ल्यी' किंवा 'ले' यांना 'लो' जोडला की 'ल्येलो' होतं. या एका शब्दाचा अर्थ 'त्याला ते', 'तिला ते', 'त्यांना ते' किंवा 'आपल्याला ते' असा काहीही होऊ शकतो. वेटर 'ल्येलो पोर्तो सूबितो' म्हणाला, तर तो समोरच्यालाच सांगत असतो : 'आपल्याला लगेच आणून देतो'.

'ची' आणि 'ने' कशासाठी?

'आम्हाला' या अर्थाखेरीज 'ची'चा अर्थ 'तिथे' असाही होतो : 'ची वादो', मी तिथे जातो. 'ची पेन्सो इओ' म्हणजे 'त्याचं मी बघतो, काळजी नको'.

'ने' म्हणजे 'त्यातले'. इथे मराठी माणूस हमखास चुकतो, कारण मराठीत ही जागा रिकामी असते. दुकानदाराने 'किती?' विचारलं की 'दोन द्या' एवढं पुरतं. इटालियनमध्ये 'त्यातले' म्हणावंच लागतं : 'ने प्रेंदो दुए', त्यातले दोन घेतो. संख्या किंवा प्रमाण सांगताना वस्तूचं नाव गाळलं, की 'ने' आणायचा.

समोरच्या पुरुषाला 'ती' का म्हणतात?

आता मुख्य प्रश्न. 'लेई' म्हणजे 'ती'. पण अनोळखी माणसाला, डॉक्टरांना, अधिकाऱ्याला आदराने बोलायचं तर त्यालाही 'लेई' म्हणतात, मग तो पुरुष का असेना. क्रियापदही 'ती बोलते' असंच तृतीयपुरुषी.

कारण ऐतिहासिक आहे. 'वोस्त्रा सिन्योरिया' म्हणजे 'आपली प्रभुता', अशी दरबारी संबोधनं सोळाव्या शतकात फार चालत. 'सिन्योरिया' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून त्याचं सर्वनाम 'ती'. मराठीतही 'साहेब काय घेणार?' असं समोर बसलेल्या साहेबांनाच विचारलं जातं. मान द्यायचा तर थेट बोट न दाखवता बाजूने बोलायचं, ही रीत दोन्हीकडे आहे.

मराठीत 'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' करतात, तसे इटालियनमध्ये 'दारे देल तू' आणि 'दारे देल लेई' हे वाक्प्रचार आहेत. ओळख वाढली की 'दियामोची देल तू' असा प्रस्ताव येतो : 'आता अरे-तुरेवर येऊ या'. हा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडावा, असा संकेत आहे.

या शब्दावर सरकारने बंदी का आणली होती?

१९३८ मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने 'लेई'विरुद्ध मोहीम उघडली. त्या वर्षी १५ जानेवारीला 'कोरिएरे देल्ला सेरा' या दैनिकात लेखक ब्रुनो चिकोन्यानी यांचा लेख आला. 'लेई' ही परक्या, स्पॅनिश प्रभावाची आणि लाचारीची खूण आहे, असा प्रचार झाला. पक्षाचे लोक आणि सरकारी कर्मचारी यांना 'वोई' वापरण्याचे आदेश निघाले. 'लेई' नावाच्या महिला साप्ताहिकाला नाव बदलून 'आन्नाबेल्ला' करावं लागलं, खरंतर त्या नावाचा अर्थ 'आपण' नसून 'ती' होता. १९३९ मध्ये तोरिनो शहरात 'लेई'विरोधी प्रदर्शनही भरलं.

१९४३ मध्ये राजवट कोसळली आणि 'लेई' परत आली. दक्षिणेत, विशेषतः नेपल्सच्या परिसरात, एका व्यक्तीला आदराने 'वोई' म्हणण्याची जुनी पद्धत आजही ऐकू येते. तिचा त्या आदेशाशी संबंध नाही.

नवख्याने काय लक्षात ठेवावं?

'तू' आणि 'लेई' यांची सरमिसळ हीच कानाला सर्वांत आधी खटकते. 'स्कूझा' म्हणजे 'माफ कर', 'स्कूझी' म्हणजे 'माफ करा'. 'दिम्मी' म्हणजे 'सांग', 'मी दीका' म्हणजे 'सांगा'. आदराच्या आज्ञेत सर्वनाम आधी येतं. सुरुवात 'स्कूझी'ने करून पुढे 'तू'चं क्रियापद वापरलं, तर ते 'साहेब, तू सांगता का?' असं ऐकू जातं. समोर पुरुष असला तरी आभार 'ला रिंग्रात्सियो' असेच मानायचे.

याची दुसरी बाजूही आहे. नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाला, त्याला भाषा येत नसेल या समजुतीने, कचेरीत किंवा रस्त्यावर सरसकट 'तू' म्हटलं जातं, अशी तक्रार इटलीत स्थलांतरितांकडून ऐकू येते. ज्याला हा फरक कळत नाही, त्याला आपला मान राखला गेला की नाही हेही कळत नाही. ज्याला कळतो, तो शांतपणे 'लेई'तच उत्तर देत राहतो आणि बरेचदा समोरचाही 'लेई'वर येतो. 'अहो'ला 'अहो'नेच उत्तर द्यायचं असतं, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकावं लागत नाही.