औषध व प्रसाधन पडताळणी अ‍ॅप

औषध किंवा प्रसाधनाच्या वेष्टनावरील संकेत मोबाईलने वाचून उत्पादनाची नोंद ताडून पाहण्याची, तसेच दुष्परिणाम, जादा किंमत वा बनावटीचा संशय संबंधित यंत्रणेला कळवण्याची सोय देणारी अ‍ॅप. भारतात ही कामे वेगवेगळ्या यंत्रणांकडे विभागलेली आहेत.

पार्श्वभूमी : डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये बनावट औषधांच्या प्रश्नावर अहवाल दिला. पुढे २००८ च्या दुरुस्तीने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील शिक्षा कडक झाल्या. बनावट औषधांचे प्रमाण किती, याबाबत एकमत नाही. २०१४–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात किरकोळ विक्रीतील अप्रमाणित औषधे ३.१६ टक्के व बनावट औषधे ०.०२४५ टक्के आढळली; शासकीय पुरवठ्यात मात्र अप्रमाणित औषधांचे प्रमाण १०.०२ टक्के होते. अप्रमाणित म्हणजे परवानाधारकानेच बनवलेले, पण ठरलेल्या कसोटीला न उतरणारे. अशा औषधावरचा संकेत अस्सलच असतो.

संकेत : नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने औषध नियमांत परिशिष्ट एच-२ आले. त्यातील ३०० ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. यादीत डोलो, कॅलपॉल, अ‍ॅलेग्रा यांसारखी रोजच्या खपाची नावे आहेत. संकेतात आठ बाबी असाव्या लागतात : उत्पादन ओळख संकेत, औषधाचे मूळ नाव, ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि उत्पादन परवाना क्रमांक. आतील वेष्टनावर जागा अपुरी असेल तर संकेत बाहेरच्या खोक्यावर छापता येतो. त्यामुळे खोके दुकानातच राहून स्ट्रिप सुटी विकली, किंवा कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या, तर गिऱ्हाइकाच्या हाती संकेत येईलच असे नाही.

मर्यादा : संकेत बॅचपुरता असतो. हुबेहूब छापलेले वेष्टन तोच संकेत दाखवू शकते. मे २०२१ मध्ये मोरबी पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणात ओलपाड (जि. सुरत) भागातील फार्महाऊसवर ग्लुकोज व मीठ वापरून कोविडवरील रेमडेसिव्हिरच्या बनावट कुप्या भरल्या जात होत्या. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर येथील शासकीय रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या नमुन्यात औषधी घटकच नव्हता. उत्पादक म्हणून छापलेली गुजरातमधील कंपनीही अस्तित्वात नसल्याचे तपासात आढळले. तेथे संशय खरा ठरला तो प्रयोगशाळेत. अ‍ॅप वेष्टन वाचते. गोळीत काय आहे ते शासकीय विश्लेषकच सांगू शकतो. अधिनियमाच्या कलम २६ नुसार खरेदीदाराला ठरावीक शुल्क भरून आपण घेतलेल्या औषधाची किंवा प्रसाधनाची अशी तपासणी करून घेता येते. ही तरतूद अ‍ॅपपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि वापरात मात्र फारशी दिसत नाही.

नोंदवणे : दुष्परिणाम कळवण्यासाठी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचे ‘एडीआर पीव्हीपीआय’ हे अ‍ॅप व १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. ग्राहकांसाठीचा अर्ज मराठी व गुजरातीतही आहे. किमतीसाठी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ (२०१६). बनावटीची तक्रार राज्याच्या यंत्रणेकडे करावी लागते : महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, गुजरातेत अन्न व औषध नियमन तंत्र. तक्रारीसोबत पक्के बिल, बॅच क्रमांक आणि उरलेल्या गोळ्या मूळ वेष्टनासह असल्यास औषध निरीक्षकाचे काम सोपे होते. आयुष औषधांची व्यवस्था स्वतंत्र आहे.

प्रसाधने : परिशिष्ट एच-२ यांना लागू नाही. प्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची उत्पादने वगळता नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग आहे. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे मूत्रपिंडविकार झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात निदान झाले; हे प्रकरण २०२३ च्या आरंभी गाजले. ते क्रीम स्थानिक पातळीवर बनलेले होते.

दोन राज्यांतील खरेदी : उदाहरणार्थ गोडादरा, सुरतच्या आग्नेय भागातील वस्ती. लिंबायत व डिंडोलीप्रमाणे येथेही कापड व्यवसायामुळे आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरात मराठी-अहिराणी, दुकानात गुजराती-हिंदी. गावाकडच्या मेडिकलमधून आणलेले औषध आणि गोडादऱ्यात घेतलेले औषध एकाच डब्यात असले तरी तक्रारीचे दार वेगळे : सामान्यतः खरेदी ज्या राज्यात झाली तेथील यंत्रणा. क्यूआर कोडमध्ये उत्पादकाचा पत्ता असतो, विकणाऱ्या दुकानाचा नसतो. तो फक्त बिलावर मिळतो.

अन्यत्र : नायजेरियात खरवडून दिसणारा क्रमांक एसएमएसने पाठवण्याची पद्धत २०१० पासून, इंडोनेशियाचे ‘बीपीओएम मोबाईल’ औषधे व प्रसाधने दोन्हींसाठी.