प्लेगची लस आणि माणसाची संमती : भायखळा, दमण व उंडेरा येथील प्रयोगांचा नैतिक विचार

प्रस्तावना

संशोधन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘संशोधनातील नीतितत्त्वे’ हे प्रकरण बहुधा १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेपासून सुरू होते. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर खटला चालला आणि त्याच्या निकालात स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट ठरली. पुढे १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आणि १९७९ चा अमेरिकेतील बेलमाँट अहवाल आला. विद्यार्थी ही नावे व सने परीक्षेपुरती पाठ करतात. हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः सिल्वासाहून वापीमार्गे सुमारे तासाभरात आपण दमणला पोहोचतो, आणि तेथे १८९७ साली माणसांवरील एका महत्त्वाच्या लसीची परीक्षा झाली होती. प्रस्तुत लेखात त्या काळातील तीन प्रयोगांचा आढावा घेऊन एकच प्रश्न तपासला आहे : ज्यांनी ‘होय’ म्हटले, त्यांना ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितपत होती?

मुंबईतील प्लेग आणि भायखळा कारागृह

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. कॉलऱ्याच्या लसीवर काम केलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले व ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप व वेदना झाल्या, परंतु ते बरे झाले. जो धोका इतरांना पत्करायला सांगायचा तो आधी स्वतः पत्करावा, ही त्या काळच्या शास्त्रज्ञांची नीती होती आणि ती आदरणीयच आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा कारागृहात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना लागण होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच लागण झाली आणि दोघेही वाचले. हे कैदी स्वेच्छेने पुढे आले होते अशी नोंद आहे, आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. तरीही ज्याचे जेवण, काम व सुटका दुसऱ्याच्या हाती आहे, त्याच्या स्वेच्छेचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पुढे न्यूरेम्बर्गला तोच प्रश्न न्यायासनासमोर आला.

दमण, आणि पुढाऱ्याचा शब्द

दमण त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होते आणि नगर हवेलीही दमणच्याच कारभाराखाली होती. १८९७ च्या पूर्वार्धात तेथे प्लेगने थैमान घातले. रोग ब्रिटिश हद्दीत पसरू नये म्हणून नाकेबंदी झाली होती. लोअर दमणमध्ये २,१९७ लोकांनी लस घेतली, ६,०३३ लोकांनी घेतली नाही. पहिल्या गटात ३६ मृत्यू झाले, दुसऱ्यात १,४८२. म्हणजे लस न घेतलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा माणसे गेली. ही लस उपयोगी होती यात शंका उरत नाही. परंतु बाहेर पडण्याचा रस्ता बंद असलेल्या गावातली निवड ही मोकळ्या माणसाची निवड नव्हे, हेही तितकेच खरे.

मुंबईत चित्र वेगळे होते. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने घरझडती, सक्तीचे विलगीकरण असे अधिकार सरकारला मिळाले. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती पुण्यात २२ जून रोजी रँडवरील हल्ल्यात झाली. सरकारी सुईवर लोकांचा विश्वास नव्हता. अशा वेळी तरुण आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. त्यांच्या पाठोपाठ हजारो खोजा बांधवांनी लस घेतली. पुढाऱ्याने स्वतः उदाहरण घालून दिल्याने लोकांचे प्राण वाचले. मात्र पुढाऱ्याचा शब्द प्रत्येक अनुयायाच्या संमतीची जागा घेऊ शकतो काय, हा विचार शिल्लक राहतो.

उंडेरा : अर्धे घर

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोदा संस्थानातील उंडेरा गावी प्रयोगाची रचना अधिक काटेकोर करण्यात आली. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना तसेच ठेवले, जेणेकरून अन्न, घर, हवा सारखीच राहावी. ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला त्यांतील ७१ लसधारकांपैकी ८ जणांना लागण होऊन ३ मृत्यू झाले. लस न मिळालेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली व २६ मृत्यू झाले.

शास्त्रीय दृष्टीने हा पुरावा भक्कम होता. पण तो पुरावा त्या २६ मृत्यूंतूनच उभा राहिला. भायखळा व दमण येथील आकडे तोवर हाती आलेले होते. मग उरलेल्या अर्ध्या घराला लस न देणे योग्य होते काय? हाच प्रश्न पुढे अमेरिकेत टस्कीगी येथे अधिक क्रूर रूपात दिसला. तेथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही.

आपल्या मराठी मुलखातही हा वाद संपलेला नाही. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. पैकी ३१,४८८ स्त्रियांच्या गटाला अभ्यासातर्फे तपासणी न देता नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडले होते. देशात अशी तपासणी कोठेच नियमित नव्हती, असे समर्थन झाले. पद्धत ठाऊक असताना ती न देणे अन्याय्य आहे, अशी टीका झाली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून गरीब देशांना उपयुक्त ज्ञान मिळाले. उंडेऱ्याप्रमाणेच येथेही लाभ व प्रश्न हातात हात घालून येतात.

समारोप

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरणपत्र काढले आणि २०००, २००६ व २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. समाजाच्या प्रमुखाची परवानगी आवश्यक असली तरी ती व्यक्तीच्या संमतीला पर्याय नाही, तसेच कैदी, विद्यार्थी, कर्मचारी अशा अवलंबून असलेल्या घटकांबाबत विशेष दक्षता हवी, हा त्यांचा आशय आहे.

दादरा नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. आपले विद्यार्थी प्रश्नावली घेऊन वारली, धोडिया, कोकणा पाड्यांवर जातात. सरपंचांनी होकार दिला की काम झाले, असे आपण समजतो. त्याहून जवळचे उदाहरण आपल्या वर्गातच आहे. आपण आपल्याच विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतो. त्यांचे गुण आपल्या हाती असतात, म्हणून ते सहसा नकार देत नाहीत. भायखळ्याच्या कैद्यांनीही स्वेच्छेने होकार दिला होता.

तेव्हा प्रश्नावली वाटण्यापूर्वी प्रत्येक प्राध्यापकाने दोन गोष्टी कराव्यात. ‘भरली नाही तरी चालेल, गुणांवर परिणाम होणार नाही’ हे स्पष्ट सांगावे, आणि कोणी भरली व कोणी नाही हे स्वतःला कळणार नाही अशी व्यवस्था ठेवावी. नकाराची वाट खुली असेल, तरच होकाराला संमती म्हणता येईल.