तुटलेला बोल्ट आणि ५५ अंश

परवा माझ्या बाइकच्या ॲल्युमिनियम हेडमधला जाम बोल्ट तुटला. हेड मोडीत जातंय की काय, पोटात गोळाच! फिटरकाकांनी हेड तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, पकड सैल होते. मग मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने तुकडा काढला.

नवा बोल्ट कोपऱ्यावर मिळाला. पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. बोल्ट तुटला की त्याच भोकाच्या मापाने नवा घडवायचा. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून, सरासरी काढून ५५ अंशांचे आटे सुचवले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ ला ६० धरले. आजचे मेट्रिक बोल्टही ६० चेच. त्यामुळे जुन्या ब्रिटिश गाडीत ते रेटू नका, आटे जातील!