मुंबईची इंग्रजी कविता : पार्ले, कालिना, सांताक्रूझ

मुंबईत इंग्रजीतून लिहिली गेलेली कविता हा काळा घोडा आणि फोर्ट परिसरातील मोजक्या मंडळींचा उद्योग होता, असा मराठी वाचकाचा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. कवी भेटत शहरात. परंतु या कवितेचे अध्यापन व बरेचसे संपादन उपनगरात झाले.

निसिम इझिकेल (१९२४-२००४) हे या परंपरेतील ज्येष्ठ नाव. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठीभाषक बेने इस्रायली समाजात त्यांचा जन्म झाला. १९६१ पासून दशकभर ते विलेपार्ले येथील मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. नंतर मुंबई विद्यापीठात कालिना येथे त्यांनी अध्यापन केले. पार्ल्यातील वर्षांतच ‘द एक्झॅक्ट नेम’ (१९६५) हा संग्रह आला आणि ‘पोएट्री इंडिया’ हे नियतकालिक (१९६६-६७) त्यांनी चालवले. त्यात इंग्रजी कवितांसोबत भारतीय भाषांतील अनुवादांनाही स्थान होते. वृंदा नाबर यांच्यासमवेत त्यांनी इंदिरा संत यांच्या कविता इंग्रजीत नेल्या (१९७५), ही बाब मराठीत फारशी सांगितली जात नाही. रेल्वेतील कारकून, निरोपसमारंभातील वक्ता यांच्या तोंडच्या इंग्रजीत त्यांनी लिहिलेल्या कवितांवर मात्र वाद झाला. त्या माणसांची ही थट्टा आहे, असा आक्षेप घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही; तथापि लोकलच्या डब्यातील ही भाषा कवितेत आणण्याचे धाडस त्यांनी केले, हेही खरे.

युनिस डिसूझा (१९४०-२०१७) झेवियर्स महाविद्यालयात शिकवत, राहत मात्र सांताक्रूझला. पुण्यात जन्मलेल्या या गोमंतकीय कवयित्रीचा ‘फिक्स’ (१९७९) हा संग्रह कॅथलिक समाजाकडे निर्भीड नजरेने पाहतो. ‘डेंजरलोक’ (२००१) या कादंबरीच्या नावातच मुंबईची बोली आहे. पोपट पाळणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या प्राध्यापिकेची ही कथा असून, लेखिकेच्या घरीही पोपट होते.

खरी अडचण प्रकाशनाची होती. कवितेचे पुस्तक काढण्यास प्रकाशक सहसा राजी नसत. म्हणून अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चौघांनी १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाऊस’ सुरू केले. मुखपृष्ठे कोलटकरांची. पहिल्या चार पुस्तकांत ‘जेजुरी’ होती. तिला १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. आठ पुस्तकांनंतर हा उपक्रम थांबला. पुढे या पिढीतील अनेकांची पुस्तके दीर्घकाळ बाजारात मिळेनाशी झाली. अलीकडच्या काळात मराठी कवी हेमंत दिवटे यांच्या ‘पोएट्रीवाला’ने इंग्रजी कवितेची पुस्तके काढली, म्हणजे हे काम पुन्हा मराठी माणसाकडेच आले.

२००४ हे वर्ष या कवितेला जबर हानीचे ठरले. जानेवारीत इझिकेल, जूनमध्ये डॉम मोराइस आणि सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले. कोलटकरांची मराठीतील ‘जेजुरी’ वाचकांच्या हाती पडली ती त्यानंतर सात वर्षांनी, २०११ मध्ये.