पिंपरीची मर्सिडीज आणि मागच्या सीटचा कौल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्यात एखाद्या गोष्टीविषयी मत असण्यासाठी ती गोष्ट आपल्या मालकीची असावी लागत नाही. किंबहुना मालकीची नसली, तर मत अधिक मोकळेपणानं देता येतं. १९९५ साली पिंपरीच्या कारखान्यातून मर्सिडीज-बेंझची ई-क्लास ही आलिशान मोटार बाहेर पडू लागली, तेव्हा याचा पुरेपूर प्रत्यय आला. गाडीची किंमत वीस लाखांच्या पुढे. त्या काळी मारुती ८०० दोन लाखांच्या आसपास मिळे. म्हणजे एका मर्सिडीजच्या पैशात सोसायटीतल्या दहा बिऱ्हाडांच्या दारात दहा मारुत्या उभ्या राहिल्या असत्या. त्यामुळे ती विकत घेणारे मोजके आणि तिच्यावर बोलणारे उदंड. मीही त्या बोलणाऱ्यांतलाच. पण यंत्रांचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे, त्या मतांकडे मी नुसत्या गप्पा म्हणून पाहिलं नाही. गाडी दिसते कशी आणि पळते कशी, या दोन प्रश्नांवरचे पुण्यातले मतभेद म्हणजे आपल्या बदलत्या काळाची एक नोंदवहीच आहे, असं मला वाटतं.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'मर्सिडीज' हा शब्द मोटारीमुळे नव्हे, तर ट्रकमुळे माहीत झाला. १९५४ साली टेल्को आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांच्यात पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. कांदे, साखर, सिमेंट वाहणाऱ्या त्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. करार १९६९ साली संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी वर्तुळातलं 'टी' हे अक्षर आलं. त्याच सुमारास, सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोनं पिंपरी-चिंचवडला आपला दुसरा मोठा कारखाना उभा केला. म्हणजे मर्सिडीजची मोटार पिंपरीत आली, ती परक्या घरी आली नव्हती. जुनी ओळख होती.

आता ही गाडी कोणत्या जातीची, तेही सांगतो. इंग्लंडात अशा गाडीला 'सलून' म्हणतात. आपल्याकडे सलून म्हटलं की केस कापायची खुर्चीच डोळ्यांपुढे येते, म्हणून आपण अमेरिकनांचा 'सेडान' हा शब्द पत्करला. पण सलून या शब्दाचा मूळ अर्थ दिवाणखाना. रेल्वेच्या बड्या साहेबांसाठी जो खास डबा असे, त्यालाही सलूनच म्हणत. ऐसपैस बसून, अंगाला धक्का न लागता, कपड्यांची इस्त्री न मोडता जाण्याची सोय, हे या गाडीचं मूळ काम. हा दिवाणखाना आपण लक्षात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

त्याआधी आलिशान म्हणावी अशी देशी गाडी आपल्याकडे कोणती होती? १९८४ साली हिंदुस्थान मोटर्सनं काँटेसा आणली. तिचा बांधा इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीचा, आणि पोटात इंजिन मात्र अँबेसेडरचं, दीड लिटरचं. पुढे इसुझूचं इंजिन आलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. १९८५ साली मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं 'स्टँडर्ड २०००' आणली. तिचं रूप होतं ब्रिटनच्या रोव्हर गाडीचं. ही रोव्हर १९७७ साली युरोपात वर्षातली सर्वोत्तम मोटार ठरली होती. पण आपल्याकडे त्या देखण्या अंगात जुन्या वळणाचं दोन लिटरचं इंजिन बसवलं गेलं. तीन-चार वर्षांत ती गाडी बंद पडली. सजवलेल्या नवरदेवाला म्हाताऱ्या घोड्यावर बसवावं, तसा हा प्रकार. यातून भारतीय गिऱ्हाईक एक धडा शिकला होता: रूपावर जाऊ नका, बॉनेट उघडून पाहा.

१९९१ साली अर्थव्यवस्थेची दारं उघडली, १९९३ साली मोटारी बनवण्यावरचं परवान्याचं बंधन गेलं. १९९४ साली टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्यांची जोडणी सुरू झाली. या गाडीचं कारखान्यातलं नाव डब्ल्यू १२४.

आणि इथेच पहिला वाद पेटला. ही गाडी युरोपात १९८४च्या अखेरीस आलेली. आपल्याकडे ती आली १९९५ साली, आणि नेमक्या त्याच वर्षी कंपनीनं युरोपात तिच्या जागी नवी गाडी आणली. साहजिकच पुण्यातल्या जाणकारांनी कपाळाला आठ्या घातल्या. 'त्यांचं उतरलेलं आपल्या गळ्यात' हे मत त्या काळी किती तरी जणांकडून मी ऐकलं. त्यात नुसती कुरकुर नव्हती, एक खोल सल होता. चाळीस वर्षं आपण परदेशात जुनी झालेली मॉडेलंच नवी म्हणून वापरत आलो होतो. आता दारं उघडली, पैसे पूर्ण मोजायची तयारी आहे, तरीही ताजं पान आपल्या वाट्याला नाहीच का, असा तो प्रश्न होता. तो प्रश्न रास्त होता, असं मला आजही वाटतं.

पण रूपाविषयीचं उत्तर इतकं सोपं नव्हतं. ही गाडी ज्यांच्या देखरेखीखाली रेखाटली गेली, ते ब्रूनो साक्को इटलीत जन्मलेले, आणि १९७५ पासून जवळजवळ पाव शतक मर्सिडीजच्या रूपरेखनाचे प्रमुख. त्यांचं तत्त्व असं, की नवी गाडी आली म्हणून रस्त्यावरची आधीची गाडी जुनाट दिसता कामा नये. डब्ल्यू १२४च्या रेषा सरळ, कोपरे किंचित गोलावलेले, चकचकाट बेताचा. पाहणारे म्हणत, 'एवढे पैसे घेतले आणि दिली काय तर इस्त्री केलेली पेटी!' पण त्या पेटीचा आकार वाऱ्याच्या बोगद्यात घासूनपुसून ठरवलेला होता. वाऱ्याचा विरोध मोजण्याचा जो आकडा असतो, तो या चौकोनी दिसणाऱ्या गाडीचा ०.३०च्या घरात, त्या काळच्या कितीतरी निमुळत्या गाड्यांहून कमी. समोरच्या काचेवर वायपर एकच. लोक हसायचे, 'दुसरा बसवायला विसरले काय?' पण तो एकटा वायपर फिरताना कोपऱ्याकडे लांब होई आणि काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसून काढी. पुण्याच्या श्रावणसरींत त्याची किंमत कळत असे. तेव्हा, ही गाडी जुनी होती हे खरं. पण ती जुनी दिसू नये म्हणूनच घडवलेली होती, हेही तितकंच खरं.

दुसरा वाद पळण्याचा. पेट्रोलचं इंजिन २.२ लिटरचं, दीडशे अश्वशक्तीचं. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला त्याला साडेदहा सेकंदांच्या आसपास लागत. डिझेलचं अडीच लिटरचं, टर्बो नसलेलं. शक्ती शंभराच्या थोडी वर आणि ओढायचा बोजा चौदाशे किलोंच्या आसपास. डिझेल त्या काळी पेट्रोलच्या मानानं फारच स्वस्त. वीस लाखांच्या गाडीत डिझेलची बचत शोधणारे शेठजी हा तेव्हा थट्टेचा विषय होता. पण वर्षाकाठी हजारो किलोमीटर हिंडणाऱ्या उद्योजकाचा हिशेब वेगळा असतो.

ही पळण्याची परीक्षा व्हायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याआधी सगळी परीक्षा खंडाळ्याच्या घाटात, ट्रकच्या रांगेमागे. स्टिअरिंगवर बसणारा तक्रार करी, की डिझेल गाडी चढावर दमते, ओव्हरटेक करायला मागेपुढे पाहावं लागतं. मागे बसणारा म्हणे, 'छे हो, वळण कळत नाही, खड्डा कळत नाही, लोणावळ्यापर्यंत डुलकी लागते.' दोघं एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच वेळी. आणि मतं दोन टोकांची. दोघंही खोटं बोलत नव्हते. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी स्वतंत्रपणे सांभाळणारी रचना या गाडीत होती आणि तिचं सुख मागे बसणाऱ्यालाच जास्त. चालकाला इंजिन कळत होतं, मालकाला दिवाणखाना.

गंमत अशी, की मर्सिडीजच्या इंजिनावर मत द्यायचा अधिकार आपल्याकडे शेठजींच्याही आधी खेड्यापाड्यांतल्या माणसांना मिळाला होता. मर्सिडीजच्या '२४० डी' या जुन्या, जगभर टॅक्सी म्हणून गाजलेल्या सेडानमध्ये जे २.४ लिटरचं डिझेल इंजिन असे, तेच परवान्यानं आपल्याकडे बनू लागलं आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये बसलं. वडापच्या गाडीत दाटीवाटीनं बसून बाजाराला जाणाऱ्या माणसांनी त्या इंजिनाची जी परीक्षा घेतली, ती जर्मनीतही कुणी घेतली नसेल. 'अडत नाही' हा त्यांचा दोन शब्दांचा अभिप्राय. त्यात रूपाचा प्रश्नच नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पिंपरीत पुढची ई-क्लास आली, चार लंबगोल दिवे असलेली. आता तर ताजं पान आपल्या पानात पडलं होतं. वाद मिटायला हवा होता. तो उलटा झाला. ज्यांनी आधीच्या गाडीला पेटी म्हटलं, तेच आता म्हणू लागले, 'तिच्यात भारदस्तपणा होता हो! ही डोळे वटारून बघते.' परदेशातही असंच झालं. जर्मनीत तिच्या रूपरेखेला १९९५ सालीच मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तिकडच्याच जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पुढे तिच्या पत्र्याला गंज धरतो, अशी तक्रार युरोपात झाली, तेव्हा आधीच्या गाडीचा भाव आणखी वधारला. आज जुन्या मोटारींचे शौकीन जगभर डब्ल्यू १२४ला टिकाऊपणाचा मानदंड मानतात. आपल्या गळ्यात पडलेलं 'उतरलेलं' असं निघालं! चार दिव्यांची ती धाटणी मात्र कंपनीनं २०१३ सालापर्यंत चालवली आणि मग सोडून दिली.

सुरुवातीच्या वर्षांत खप अपेक्षेपेक्षा कमी झाला. पुढे टाटांनी भागीदारी सोडली, आणि २००९ साली कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. खपाच्या या अनुभवातून कंपनी काय शिकली, ते २०१७ साली दिसलं. त्या वर्षी चाकणला जी ई-क्लास तयार होऊ लागली, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर नेहमीच्या गाडीपेक्षा १४० मिलिमीटर जास्त होतं. ती वाढ जवळजवळ सगळी मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी. उजवीकडे स्टिअरिंग असलेली अशी लांब ई-क्लास जगात प्रथम भारतात विकली गेली आणि पुढची अनेक वर्षं ती कंपनीची इथली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. वीस-बावीस वर्षांनी का होईना, खंडाळ्याच्या घाटात डुलकी घेणाऱ्या माणसाचं मत जर्मनीपर्यंत पोचलं होतं.

वाद तरीही संपलेला नाही. २०२२ साली चाकणमध्येच जोडलेली ईक्यूएस ही विजेवर चालणारी सेडान आली. किंमत दीड कोटीच्या वर. एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर, हा तिचा आकडा प्रमाणित केला तो पुण्याच्याच एआरएआय या संस्थेनं. आपण रोज सकाळी जिला एआरएआय टेकडी म्हणून चढतो, तिच्यावरचीच ही संस्था. शून्य ते शंभर ४.३ सेकंदांत, वाऱ्याचा विरोध ०.२०. आकड्यांत कुठेच उणं नाही. पण तो विरोध कमी करण्यासाठी गाडीचा पाठीचा कणा जणू एकाच कमानीत वाकवला गेला, आणि जगभर लोक म्हणाले, 'ही तर वापरून झिजलेली साबणाची वडी!' अखेर २०२४ साली कंपनीनं तिच्या तोंडावर जुन्या वळणाची जाळी आणि बॉनेटवर उभी चांदणी देऊ केली. वारा जिंकला होता, पण रुबाबानं आपली जागा परत मागून घेतली.

या साऱ्या वादात एका गटाचं मत फारसं कुणी विचारलं नाही. ते म्हणजे पिंपरीत आणि चाकणमध्ये या गाड्या जोडणारे कामगार आणि तंत्रज्ञ. ज्या गाडीत बसण्याचा योग येणार नाही, तिच्या दाराची फट केसभरही कमीजास्त राहू नये म्हणून ही माणसं राबली. बाहेरचे तिला जुनी म्हणोत की नवी, पेटी म्हणोत की वडी, त्यांच्या दृष्टीनं गाडी दोनच प्रकारची: नीट जोडलेली आणि न जोडलेली.

म्हणून मोटारीविषयी एखादं ठाम मत कानांवर आलं, की मी आधी पाहतो, बोलणारा बसलाय कुठे. स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर, फुटपाथवर, की कारखान्यातल्या जोडणीच्या रांगेत? जागा कळली की मत कळतं. आणि पुण्यात तरी या चारही जागांवरची माणसं एकाच चहाच्या टपरीवर भेटू शकतात, हे या शहराचं भाग्यच म्हणायचं.