वाढलेली पोत

आमच्या हिंगोलीकडं मंगळसूत्र तुटत नाही, ते ‘वाढतं’. बांगडीही फुटत नाही, तीही वाढते. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून बायाबापड्यांनी शोधलेली ही वाट. लहानपणी मला याचं मोठं कोडं पडायचं. बाजारच्या दिवशी आमच्या ओसरीवर एखादी बाई यायची, पदराची गाठ सोडायची, सुटे काळे मणी अम्मापुढं ओतायची आणि म्हणायची, ‘‘भाभी, पोत वाढली बघा.’’ मी बघायचो तर पोत कमीच झालेली असायची. दहा-वीस मणी वाटेत कुठंतरी सांडलेले असायचे.

आम्ही मणियार. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात आमचं घर. अब्बा डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचे आणि घरात अम्मा पोत गाठवायची. आलेले मणी ती आधी ओल्या फडक्यावर पसरायची, म्हणजे ते घरंगळत नाहीत. मग कमी पडलेले मणी आपल्याजवळच्या लडीतून काढायची. हे काम दिसतं तितकं सोपं नाही, कारण काळ्यातही काळे असतात. उजेडाला धरलं की एक मणी निळसर दिसतो, दुसरा तांबूस. परक्या रंगाचा मणी गळ्यात गेला तर बाईच्या लक्षात येवो न येवो, अम्माला झोप लागत नसे. दोऱ्याला मेण चोळायचं, एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि ओवायला बसायचं. बाजारची सुई त्या भोकात शिरत नाही, म्हणून बारीक तार दुमडून तिचीच सुई करायची. दोन वाट्यांच्या दोन्ही अंगांना पडणारी गाठ ती अशी मारायची की बोट फिरवलं तरी कळू नये. मजुरी म्हणजे रोकड थोडी, बहुतेक वेळा ज्वारी नाहीतर तुरीची डाळ.

तारेचं काम नंतर आलं. दोरा घामानं कुजतो, पोत वारंवार वाढते आणि बाईच्या जिवाला घोर लागतो. तारेत गाठवली की ती भीती कमी. इंचभर तार घ्यायची, एका टोकाला पकडीनं वाटोळा फासा करायचा, दोन-तीन मणी घालायचे, दुसऱ्या टोकाला फासा करून तो पुढच्या कडीत गुंतवायचा. एका गळ्याला अशा कितीतरी कड्या. फासा सैल राहिला तर कडी निसटते आणि टोक उघडं राहिलं तर साडीचा काठ ओढतो. अम्माच्या उजव्या तर्जनीवर त्या पकडीनं घट्टा पडला होता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

मी शाळेत जायला लागलो तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढं ‘बांगडी विक्री’ आणि आईच्या पुढं ‘घरकाम’ असं लिहिलं जायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. वर्गातल्या मुलांच्या आया पोत घेऊन आमच्याकडं यायच्या, तेव्हा मी मागच्या दारानं निघून जायचो.

पुढं इतिहास हा विषय घेऊन बी.ए. झालो. पण मणियार या शब्दाकडं नीट बघायची बुद्धी फार उशिरा झाली. शब्दात ‘मणी’ आहे. संस्कृतातला मणिकार लोकांच्या तोंडी झिजत झिजत मणियार आणि मणेर झाला. आज आम्हाला लोक बांगडीवाले म्हणून ओळखतात, पण नाव मण्यांवरून पडलेलं आहे. गोंडे, करदोटे, गळ्यातली गुंफण करणारे पटवेकरी, त्यांच्यातही हिंदू आहेत आणि मुसलमानही. बांगड्या भरण्यात कासार आणि मणियार असे दोघं. कामाची वाटणी देवळा-मशिदीवरून झाली नव्हती, हातावरून झाली होती.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाच्या निमित्तानं धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाणं झालं. संत गोरोबाकाकांचं गाव. तिथले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या पांढरीतून निघालेल्या जुन्या वस्तू जमवल्या, त्यांचं आज शासकीय संग्रहालय आहे. लोक तिथली हस्तिदंती बाहुली बघायला जातात. मी मण्यांपुढं उभा राहिलो तो हललोच नाही. अकीक, गार, काच, शंख, भाजलेली माती, सगळ्यांचे मणी होते. सातवाहनांच्या काळातले, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्या काळी तेरचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते आलेलं आहे. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड, अशी दोन्ही मालं गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात.

हे दगड काही परके नाहीत. आपली काळी जमीन ज्या लाव्ह्याच्या खडकावर पसरली आहे, त्याच्या पोकळ्यांत अकीक तयार होतो. हिंगोली-औंढ्याच्या माळावर नांगरताना गारगोट्या निघतात, त्या याच घराण्यातल्या. शेतकरी त्या बांधावर फेकून देतो. खंबातचा कारागीर मात्र असाच दगड भट्टीत तापवून लाल करतो आणि कमठ्यानं फिरणाऱ्या, टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवलेल्या सळईनं त्याला भोक पाडतो. गुजरातेत रतनपूरला अकीकाच्या खाणींजवळ बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेले हे सिद्दी अवलिया अकीकाच्या धंद्याचे पीर मानले जातात. माझ्या आजोबांच्या बोटातल्या अंगठीत अकीकच होता. तो कुठून आला हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तेरच्या त्या काचेच्या कपाटापुढं उभं असताना एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. तिथं मणी होते, माळ नव्हती. दगड टिकला, दोरा कुजला. दगड कोरणाऱ्याचा हात आपल्याला दिसतो, ओवणाऱ्याचा दिसत नाही. संग्रहालयात नव्या दोऱ्यात ओवून ठेवलेली एखादी माळ दिसते, पण तो क्रम संग्रहालयाचा. मुळात लाल मण्याशेजारी कुठला होता, मधे गाठ होती का, हे सांगणारं तिथं काहीच उरलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र दोरा सापडला आहे, आणि ते ठिकाण दूर नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासे, ज्ञानेश्वरीचं गाव. तिथं १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थरात एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याचे मणी निघाले. तांब्याला जो हिरवा गंज चढतो, त्यानं मण्यांच्या आतला दोरा कुजू दिला नव्हता. प्रयोगशाळेत तपासल्यावर तो रेशीम आणि कापूस यांचा निघाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीलाही असाच तांब्याच्या मण्यांतला दोरा मिळाला, तो जवसाच्या तागाचा. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. मूल गेल्यावर त्याच्या गळ्यात कुणीतरी माळ तशीच राहू दिली होती. आणि त्याआधी कधीतरी, ते मूल खेळत असताना, कुणीतरी ती बसून ओवली होती. मणी करणारा तांबटच ओवायलाही बसला असेल असं मला वाटत नाही. माझ्या डोळ्यापुढं ओसरी आली आणि पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा आला.

आता काळ्या पोतीकडं येतो. इथं माझा जीव अडकला आहे.

मंगळसूत्र अनादि काळापासूनचं, असं आपण धरून चालतो. पण धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांनी नोंदवलं आहे की, विवाहाचे विधी सांगणारी जुनी गृह्यसूत्रं त्याबद्दल काही सांगत नाहीत. म्हणजे पोथीनं पोत दिली नाही. ती लोकांनी आणली. आणि आमच्या बाजूला बघा. हैदराबादेपासून मराठवाड्यापर्यंत दखनी मुसलमानांत नवरीच्या गळ्यात ‘काली पोत का लच्छा’ बांधतात. बारीक काळ्या मण्यांच्या अनेक सरी एकत्र करून त्याचा लच्छा होतो. निकाहाला शरीयतीत लच्छ्याची गरज नाही. तरी दखनेतल्या बाईला तो लागतो, आणि नवरा वारला की तो उतरतो. शब्दसुद्धा एकच, पोत. मराठीतही पोत आणि दखनीतही पोत. आमच्या ओसरीवर एकाच लडीतले मणी एका बाजूला वाट्यांच्या दोन्ही अंगांना जात आणि दुसऱ्या बाजूला लच्छ्यात. अम्मानं कधी दोन डबे केले नाहीत.

१९८७ साली अब्बा गेले. मी कॉलेजात नुकताच शिरलो होतो. अम्मानं स्वतः आपला लच्छा उतरवला. तिला कात्री देणं कुणाला झालं नाही, तिनंच फासा उलगडला. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले आणि ती पुन्हा ओसरीवर बसली. पण बायका येईनात. आल्या तर बांगड्या बघून जात. मग एक जुनी शेजारीण, जिच्या तीन सुनांच्या पोती अम्मानं गाठवल्या होत्या, ती आडून आडून बोलली, ‘‘भाभी, राग मानू नका. सवाष्णीच्या गळ्याचं काम आहे.’’ विधवेच्या हातचं मंगळसूत्र नको होतं. त्या बाईचा मला तेव्हा फार संताप आला होता. आज येत नाही. तिच्या जागी आमच्या नात्यातल्या बायका असत्या तर त्याही लच्छ्यासाठी असंच बोलल्या असत्या, आणि काही जणी बोलल्याही.

अम्मानं वाद घातला नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या धाकट्या बहिणीला ओसरीवर बसवलं. ती अकरा वर्षांची होती. ती मणी घ्यायची, मोजायची, भाव सांगायची आणि ‘‘उद्या या’’ म्हणायची. रात्री दार लावून चिमणीच्या उजेडात अम्मा पोत गाठवायची. सकाळी बहीण ती बायकांच्या हातात द्यायची. ‘‘पोरीचा हात आईवर गेलाय,’’ असं बायका कौतुकानं म्हणत. माझी फी त्या पैशातून गेली. मी हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि नंतर कवितेतही आणलं नाही. कवितेत आणलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, हेही कारण असेल.

दिवस ढकलायला तांड्यांचीही मदत झाली. आमच्या जिल्ह्यात बंजारा समाज मोठा. तांड्यावरच्या याडी मणी, कवड्या, आरसे घ्यायला यायच्या, पण गाठवून घ्यायच्या नाहीत. आपलं ओवणं-टाचणं त्या आपणच करतात. कुणाच्या हातचं, हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हता. आमच्याकडून माल घ्यायचा आणि घरी जाऊन ओवायचा. एकदा एका याडीनं अम्माच्या रिकाम्या गळ्याकडं बघून एक मूठ रंगीत मणी परत तिच्या ओट्यात टाकले. का टाकले, ते दोघींपैकी कुणी बोललं नाही.

या मण्यांचाही प्रवास आहे. काचेची नळी ओढून तिचे बारीक तुकडे करायचे आणि त्यांचे मणी बनवायचे, ही दक्षिणेतली फार जुनी विद्या. आंध्रात तिरुपतीजवळच्या पापानायडुपेटला ती अलीकडच्या काळापर्यंत चालत आली. इंग्रजी अमदानीत व्हेनिसचा आणि बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातला, माल बोटी भरून मुंबईला उतरू लागला. नंतर उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचं नाव झालं. आता यंत्रावर गुंफलेली तयार मंगळसूत्रं पुठ्ठ्यावर टाचून येतात. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा जिल्हा झाला, दुकानं वाढली आणि ओसरीवरची गर्दी ओसरली. याचं मी उगाच रडगाणं गात नाही. अम्माचे डोळे त्या आधीच गेले होते.

बहीण वसमतला दिलेली आहे. लग्नसराईत तिच्याकडं अजून थोडंफार काम येतं. तयार मंगळसूत्राची कडी निघाली की ती बसवायला दुकानदार बायकांना तिच्याकडंच पाठवतो. मागच्या वर्षी जनगणनेचा विषय निघाला, तेव्हा मी तिला म्हणालो, या खेपेला तुझ्या नावापुढं घरकाम लिहू देऊ नकोस. ती हसली. म्हणाली, ‘‘भाईजान, मग काय लिहायचं, ते तुम्हीच सांगा. तुम्ही लिहिणारे.’’

मी अजून शब्द शोधतो आहे. मणियार लिहिलं तर ती जात होते, पटवेकरी लिहिलं तर लोक आडनाव समजतात. परवा तिचा फोन आला तेव्हा हेच बोलणार होतो. पण ती घाईत होती. नांदेडला जाणार असाल तर तिथून बारीक तार आणा, म्हणाली, वसमतला मिळते ती जाड आहे, मण्यात जात नाही.